हातात मोबाईल, पलीकडे कुणाचा तरी अँटेना

"हे व्हॉट्सअ‍ॅप कॉलच की ओ काका, नाव तेवढं वेगळं." इकोलिंक, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना इंटरनेटवरून एकमेकांच्या रेडिओशी जोडणारं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पुतण्या हे बोलला, आणि दिसायला तसंच आहे ते. पडद्यावर नावांची यादी, एका नावावर बोट ठेवायचं, जोडणी झाली की बोलायचं. एवढ्यासाठी परीक्षा, परवाना, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं स्टेशनचं ओळखनाव) हा सगळा खटाटोप कशाला, असं कुणालाही वाटेल.

फरक आहे तो पलीकडच्या टोकाला. मी जुळे सोलापुरात घरात बसून मोबाईलवरचं बटण दाबतो, तेव्हा वेल्समधल्या कुठल्यातरी टेकडीवरचा ट्रान्समीटर चालू होतो. तिथला कुणी माणूस गाडी चालवता चालवता मला ऐकत असतो. आणि माझं बोट बटणावर आहे तोवर त्या फ्रिक्वेन्सीवर त्या गावातल्या कुणालाच तोंड उघडता येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की परवाना का लागतो, थांबून थांबून का बोलायचं, स्वतःची लिंक उभी करताना एवढी धास्ती का घ्यायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

परवाना आधी, अ‍ॅप नंतर

यात आडवाट नाही. अ‍ॅप कुणालाही उतरवून घेता येतं, पण कॉलसाइन आणि परवान्याची प्रत दाखवल्याशिवाय इकोलिंक आत घेत नाही. नुसतं ऐकायलाही नाही.

आपल्याकडे हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. अर्ज सरल संचार पोर्टलवर भरायचा. वय किमान १२ वर्षं हवं. परीक्षेत दोन भाग: एक वीज आणि रेडिओच्या तत्त्वांचा, दुसरा नियमांचा. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे आहेत. जनरलसाठी मोर्सही (टिंब-रेघांची लिपी) द्यावं लागतं, मिनिटाला ८ शब्द. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही, आणि इंटरनेटवरून स्टेशन जोडण्यासाठी तो दर्जा पुरतो. पास झालात की आधी प्रमाणपत्र, मग परवाना, आणि परवान्यावर व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारा तुमचा कॉलसाइन.

अर्ज भरताना एकाच गोष्टीकडे डोळ्यात तेल घालून बघा: नाव. आपल्या सोलापुरात हा घोळ घरोघरी आहे. आधारवर आडनाव आधी, दहावीच्या सर्टिफिकेटवर शेवटी, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. मी स्वतः मधल्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलं आणि अर्ज परत आला. दोष सर्वस्वी माझा, दोन महिने गेले ते वर. सगळी कागदपत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि मगच फॉर्म उघडा.

वाट बघण्याचे महिने फुकट घालवू नका. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठातला वेबएसडीआर रिसीव्हर ब्राउझरमध्ये उघडतो, त्याला परवाना लागत नाही. रात्री जेवण झाल्यावर ४० मीटर या लहरींच्या पट्ट्यावर युरोपातले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, ऐकत बसा. कोण कधी थांबतो, नाव कसं सांगतो, अक्षरं कशी फोडतो, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं. फोनेटिक अक्षरं, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी ठरलेला शब्द, आताच पाठ करा. स्वतःच्या गावापासून सुरुवात करा: सिएरा, ऑस्कर, लिमा, अल्फा, पापा, युनिफॉर्म, रोमियो. रस्त्याने जाताना पुढच्या गाडीची नंबरप्लेट मनात याच अक्षरांत वाचायची. एमएच-१३ ची 'माइक हॉटेल वन थ्री' एका आठवड्यात तोंडात बसते.

कोणकोणत्या तऱ्हा आहेत

थोडक्यात सांगतो, कारण सुरुवातीला एकच पुरते. इंटरनेटवरून रेडिओ जोडण्याचं काम आयआरएलपीने १९९७ मध्ये कॅनडात सुरू केलं. त्यात आत शिरायला रेडिओच लागतो, संगणकावरून थेट बोलता येत नाही, आणि ते जाणूनबुजून तसं ठेवलेलं आहे. इकोलिंक २००२ सालचं, अमेरिकेतल्या जोनाथन टेलर या हॅमने लिहिलेलं, आणि त्यात संगणक, मोबाईल, रेडिओ तिन्ही चालतात. ऑलस्टारलिंक हे अ‍ॅस्टरिस्क नावाच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, आवाज सुरेख, पण लिनक्सशी झटापट करायची तयारी हवी. डीएमआर आणि डी-स्टार या डिजिटल तऱ्हा, त्यांना त्या जातीचाच हँडी (हातात धरायचा रेडिओ) लागतो.

नवख्याने इकोलिंक धरावं असं माझं मत. पदरचा पैसा लागत नाही, आणि जी शिस्त शिकायची ती सगळी इथे शिकता येते.

नोंदणी

अ‍ॅप उघडा, कॉलसाइन टाका, नाव, गाव, ईमेल, पासवर्ड. मग पडताळणी. परवान्याची स्वच्छ स्कॅन प्रत त्यांच्या संकेतस्थळावर चढवायची. मोबाईलने फोटो काढणार असाल तर ट्यूबलाइटची चमक कागदावर पडू देऊ नका, कॉलसाइन आणि नाव दोन्ही स्पष्ट वाचता आलं पाहिजे. मंजुरी माणूस बघून देतो, तेव्हा एखाद-दोन दिवस धीर धरा. मंजुरीनंतर तुम्हाला नोड नंबर मिळतो. हा नंबर म्हणजे तुमचा फोन नंबरच समजा.

गाव लिहायच्या रकान्यात 'सोलापूर' पुरे. ही माहिती जगभर दिसते, तिथे गल्ली आणि घर नंबर लिहायचं कारण नाही.

संगणकावर बसवताना विंडोजची आवृत्ती एक प्रश्न विचारते, युझर की सिसॉप. युझरच निवडा. सिसॉप म्हणजे जो रेडिओ जोडून लिंक चालवणार आहे तो. ते पुढे येतंच.

यादी वाचायला शिका. नुसता कॉलसाइन दिसला तर तो माणूस संगणकावर किंवा मोबाईलवर आहे. कॉलसाइनच्या शेवटी आडवी रेघ आणि एल असेल तर लिंक, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवरचा साधा रेडिओ. रेघेनंतर आर असेल तर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा प्रसारित करून लांबवर पोचवणारं स्टेशन. नावाच्या दोन्ही बाजूंना चांदणी असेल तर कॉन्फरन्स, म्हणजे अनेकांची एकत्र बैठक. पहिल्या दिवशी आर वर बोट ठेवू नका एवढंच सांगेन.

नऊ नऊ नऊ नऊ

पहिली जोडणी ९९९९ या नोडला. त्याचं नाव इकोटेस्ट. बोला, थांबा, तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकवतो. तिथे माणूस नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही. दहा वेळा करा.

इथे एक गोष्ट सांगतो. माझं पहिलं इकोटेस्ट मी जुन्या घरी केलं होतं, तेव्हा आम्ही पूर्व भागात राहायचो. खिडकीपलीकडे यंत्रमाग. लहानपणापासून त्या खडखडाटात वाढलेला माणूस, मला तो आवाज ऐकूच येत नव्हता. इकोटेस्टने परत ऐकवलं तेव्हा कळलं, माझा आवाज मागे आणि माग पुढे. 'खटक-खटक, खटक-खटक', त्यात मधूनच मी. तेव्हापासून कुणालाही पहिला धडा हाच देतो: आपल्या घरचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तो परत ऐकून बघायचा. छताचा पंखा, कूलर, शेजारच्या लग्नाचा बँजो, सगळं त्यात येतं. मे महिन्यात पंखा बंद करून बोलायचं म्हणजे शिक्षाच, तरी निदान माइक पंख्याच्या झोतातून बाजूला घ्या. हेडफोनचा साधा माइक तोंडापासून चार बोटं लांब, थोडा तिरपा. समोर धरलात की 'प' आणि 'फ' फटाक्यासारखे फुटतात.

आवाजाची पट्टी पडद्यावर नाचते. ती बहुतेक वेळ हिरवी राहावी, लाल अधूनमधून चमकली तर चालेल. ओरडू नका. आपल्याकडे लांबचा माणूस म्हटला की आवाज आपोआप चढतो, पण नेटला अंतर कळत नाही.

विंडोजवर स्पेसबार एकदा दाबला की प्रसारण चालू, पुन्हा दाबला की बंद. धरून ठेवायचा नाही. नवखे इथे हमखास चुकतात: बोलणं संपतं, बोट उचलतात, आणि प्रसारण तसंच चालू राहतं. मग घरातलं 'भाकरी गार होतीय' हे वाक्यही जगभर जातं. बोलून झालं की नजर पडद्यावर हवी.

यादी दिसते, पण जोडणी होत नाही

मला येणाऱ्या शंकांपैकी निम्म्याहून जास्त याच असतात. नावं सगळी दिसतात, एखाद्यावर बोट ठेवलं की 'कनेक्टिंग' असं फिरत राहतं आणि शेवटी वेळ संपली म्हणतं. रोग नेहमी एकच असतो. यादी टीसीपी ५२०० या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवरचं ठरलेलं दार) येते आणि ती बाहेर जाणारी जोडणी असल्यामुळे अडत नाही. आवाज यूडीपी ५१९८ आणि ५१९९ वरून जातो-येतो, आणि तो आत येताना राउटर अडवतो.

घरी फायबर असेल तर राउटरमध्ये शिरून हे दोन यूडीपी पोर्ट तुमच्या संगणकाच्या पत्त्याकडे वळवा. पण त्याआधी एक तपासणी. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या नेटवरचा राउटरचा पत्ता) लिहिलेला असतो, तो बघा. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून येणारा पत्ता बघा. दोन्ही एकच असतील तर पोर्ट वळवून काम होईल. वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या गटातला असेल, तर कंपनीने एकाच पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवलेली आहेत. चाळीत एकच टपालपेटी असावी तसं. तुम्ही राउटरमध्ये रात्रभर डोकं फोडलं तरी उपयोग नाही. मी फोडलंय.

अशा वेळी दोन वाटा. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगमध्ये जाऊन जोडणीचा प्रकार रिले किंवा पब्लिक प्रॉक्सी करा, म्हणजे मधला सर्व्हर तुमच्या वतीने जोडणी करतो. मोबाईलच्या डेटावर तर हेच करावं लागतं. संगणकावर प्रॉक्सीच्या यादीतून रिकामा प्रॉक्सी निवडा, तो पोर्ट ८१०० वर चालतो. एका प्रॉक्सीवर एका वेळी एकच माणूस बसतो, त्यामुळे काम झालं की सोडून द्या. दुसरी वाट कंपनीकडून स्थिर आयपी विकत घेण्याची. नुसतं बोलायचं असेल तर तो खर्च करू नका, लिंक चालवायची असेल तर विचार करा.

बोलायचं कसं

आधी ऐका. जोडणी झाल्याबरोबर बोलायला सुरुवात करणं म्हणजे कीर्तन चालू असताना दारातून 'ओ पाव्हणं' म्हणून हाक मारणं. निदान एक मिनिट गप्प.

मग जागा मिळाली की बटण दाबा, मनात 'एक, दोन' म्हणा, आणि मगच बोला. पलीकडे रिपीटर जागा व्हायला, त्याचा टोन (रिसीव्हर उघडणारा ठरावीक बारीक सूर) उघडायला, वाटेतल्या नेटला तेवढा वेळ लागतो. लगेच बोललात तर पहिले दोन शब्द खाल्ले जातात आणि नेमका तो तुमचा कॉलसाइन असतो. समोरच्याचं बोलणं संपलं तरी तसंच, दोन-तीन सेकंद जाऊ द्या. त्या फटीत तिथला स्थानिक माणूस आपला कॉलसाइन टाकून आत येऊ शकतो, कुणाला तातडीचं सांगायचं असेल तर सांगू शकतो, आणि रिपीटरचा टाइमर, जो फार वेळ बोलणाऱ्याला तोडतो, शून्यावर येतो. नवख्यांना वाटतं शांतता म्हणजे जोडणी तुटली. म्हणून ते ती शांतता भरून काढतात. माझ्याकडून शिकलेल्यांना मी एवढंच विचारतो, फट सोडली का?

पहिलं वाक्य साधं ठेवा: 'धिस इज', तुमचा कॉलसाइन फोनेटिक अक्षरांत, 'सोलापूर, इंडिया, लिसनिंग.' झालं. इकोलिंकवर 'सीक्यू सीक्यू' (कुणी आहे का, अशी हाक) असं लांबलचक ओरडत नाहीत. कुणी उत्तर दिलं की नाव, गाव, हवा. सोलापूर कुठे असं विचारतातच. पुण्याच्या आग्नेयेला अडीचशे किलोमीटर म्हणून सांगतो, आणि कुणी वयस्क इंग्रज असेल तर आमच्याकडे टॉवेल आणि चादरी विणतात हेही सांगतो. मग तो त्याच्या गावातल्या बंद पडलेल्या गिरण्यांचं सांगतो, आणि अर्धा तास कसा जातो कळत नाही.

'तुम्हाला फाइव्ह-नाइन ऐकतोय' असा सिग्नलचा अहवाल इथे देऊ नका. तुमच्या आणि त्याच्या मध्ये समुद्राखालच्या केबल आहेत, सिग्नलची ताकद कसली मोजणार? आवाज स्वच्छ आहे, तुटतोय, बारीक आहे, हे सांगा. त्याचा त्याला उपयोग होतो.

दर थोड्या वेळाने आणि शेवटी कॉलसाइन सांगायचा. धंदा, राजकारण, धर्म, गाणी हे विषय वर्ज्य. सांकेतिक भाषा चालत नाही. आणि परवाना तुमच्या नावावर आहे, तेव्हा 'आत्याला अमेरिकेत बोलू दे की' म्हणून कुणी मागितला तरी माइक द्यायचा नाही. आत्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप आहे.

लॉग ठेवा. वही चालेल. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्री ९ ला बोललात तर १५:३०. पहाटे ४ ला बोललात तर आदल्या दिवशीचे २२:३०, तारीखही मागची. इथे सगळेच एकदा तरी चुकतात.

स्वतःची लिंक

मोबाईलवर सहा महिने बोललात की हात शिवशिवायला लागतात. गच्चीवर अँटेना, खाली जुना रेडिओ, त्याला संगणक, म्हणजे बाजारात हिंडताना कमरेच्या हँडीवरून जगाशी बोलता येईल. कल्पना उत्तम. पण इथून पुढे तुम्ही नुसते बोलणारे राहत नाही, दुसऱ्यांचे आवाज तुमच्या ट्रान्समीटरमधून हवेत जाणार आणि त्याची जबाबदारी तुमची. म्हणून आधी परवान्यातल्या अटी वाचा, डब्ल्यूपीसीला लेखी विचारा, आणि उत्तर हातात येईपर्यंत नुसती जुळवाजुळव करा. रिपीटरला तर वैयक्तिक परवाना पुरतच नाही, वेगळी मंजुरी लागते.

फ्रिक्वेन्सी निवडण्याआधी आठवडाभर ऐका. आपल्याला २ मीटर पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ आहे. त्यातला १४५.८ पासून वरचा भाग उपग्रहांचा, तिकडे जाऊ नका. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १४५.८०० वर बोलतं.

अँटेना घरी होतो. एसओ-२३९ सॉकेट घ्या, मधल्या पिनेला ४९ सेंटिमीटरची ब्रेझिंगची कांडी उभी डाग द्या, चार कोपऱ्यांच्या भोकांत ५२-५२ सेंटिमीटरच्या चार कांड्या स्क्रूने आवळा आणि ४५ अंश खाली वाकवा. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना किती जुळलाय ते दाखवणारा) लावा, उभी कांडी पाव-पाव सेंटिमीटर कापत जा. घाई केलीत तर कांडी नवी घ्यावी लागते, वाढवता येत नाही. आपला मुलूख माळरानाचा, तीन मजली गच्चीवरून हा एवढासा अँटेना गावभर पुरतो.

रेडिओ आणि संगणक यांच्यामध्ये इंटरफेस लागतो. विकत मिळतात, पण बनवला तर दुरुस्त करता येतो. आवाजाच्या जाण्या-येण्याच्या दोन्ही वाटांवर एकास एक ६०० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे संगणकाची हम्म आत येत नाही. पीटीटीसाठी (म्हणजे प्रसारणाच्या बटणासाठी) ऑप्टोकपलर, तारेने न जोडता प्रकाशाने इशारा पोचवणारा भाग. पीसी ८१७ कुठल्याही जळक्या एसएमपीएसमध्ये सापडतो, दुरुस्तीवाल्याकडे चहाच्या पैशात मिळेल. संगणकाच्या सिरीयल पोर्टची आरटीएस तार १ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून त्याच्या एलईडीला, आणि पलीकडचा ट्रान्झिस्टर रेडिओच्या पीटीटी आणि अर्थमध्ये. संगणक चालू होताना ही आरटीएस वेडीवाकडी हलते आणि रेडिओ आपोआप प्रसारण करतो. म्हणून सॉफ्टवेअर पूर्ण उघडल्यावरच रेडिओ चालू करायचा, उलटं कधीच नाही.

लिंकसाठी कॉलसाइनला रेघ-एल जोडून वेगळी नोंदणी करा, तिला स्वतःचा नोड नंबर मिळतो. सॉफ्टवेअर आता सिसॉप मोडमध्ये. हँडीच्या कीपॅडवरून दुसऱ्याचा नोड नंबर दाबला की जोडणी, # दाबलं की सुटका, ०८ दाबलं की सध्या कुणाशी जोडलंय ते बोलून सांगतं.

आता माझी फजिती. लिंक सुरू केली त्या आठवड्यात मी टोन लावला नव्हता. स्क्वेल्च (सिग्नल नसताना रेडिओ गप्प ठेवणारी सोय) नीट बसवलाय, टोन कशाला, असा हिशेब. रात्री एका कॉन्फरन्सला जोडलेलं तसंच ठेवून झोपलो. शेजारच्या गल्लीत कुणीतरी नवीन फोकस लावला होता, त्याच्या पॉवर सप्लायची खरखर २ मीटरवर येत होती आणि माझा स्क्वेल्च त्या खरखरीला माणूस समजून उघडत होता. रात्रभर पाच खंडांतल्या माणसांनी सोलापूरच्या गल्लीतला फोकस ऐकला. सकाळी ईमेल आलेला होता, एकाच ओळीचा, अतिशय सभ्य: आपला नोड बंद केला आहे, दुरुस्त झाल्यावर कळवा. त्या सभ्यतेने जास्त लागलं.

तेव्हा टोन लावा. सीटीसीएसएस, ८८.५ हर्ट्‌झ किंवा दुसरा कुठलाही, आणि रेडिओ टोन ऐकल्याशिवाय उघडणारच नाही असं करा. प्रसारणाला टाइमर लावा, तीन मिनिटांचा पुरे. यूएसबी आणि आवाजाच्या तारांवर फेराइटचे मणी चढवा, नाहीतर स्वतःचंच प्रसारण संगणकात शिरून तो गोठतो. आणि झोपताना लिंक बंद.

पॉवर कमी ठेवा. लिंकवरचा रेडिओ तासन्‌तास प्रसारण करतो, गाडीतल्या सेटची बांधणी त्यासाठी नसते. २५ वॅटचा सेट ५ वॅटवर चालवा. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर असतो, गच्चीखालच्या खोलीत सेटला हात लावून बघा. संगणकाचा जुना १२ व्होल्टचा पंखा त्याच्या पाठीवर बांधला की काम होतं. आवाजाची पातळी बसवताना दुसरा हँडी घेऊन कुणालातरी सिद्धेश्वर तलावापर्यंत पाठवा. खोलीतल्या खोलीत सगळंच छान ऐकू येतं.

डिजिटलवाल्यांसाठी दोन शब्द

डीएमआर हँडी असेल तर हॉटस्पॉट, म्हणजे नेटला जोडलेला घरगुती छोटा ट्रान्समीटर, हा सोपा मार्ग. रास्पबेरी पाय झीरो हा छोटा संगणक, वर एमएमडीव्हीएमचा छोटा रेडिओ बोर्ड, आत पाय-स्टार हे सॉफ्टवेअर. पॉवर काही मिलिवॅट, म्हणजे घरापुरतं. पण तोही ट्रान्समीटरच आहे, तेव्हा परवाना लागतो आणि फ्रिक्वेन्सी आपल्या ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झच्या आतलीच ठेवायची, त्यातही ४३५ च्या वर उपग्रह आहेत. आधी डीएमआर आयडी घ्या. सात आकडी, भारताचा ४०४ ने सुरू होतो. ब्रँडमायस्टर या डीएमआरच्या जाळ्यावर भारताचा टॉकग्रुपही (सगळ्यांनी एकत्र बोलायचा गट) ४०४ च. इकोटेस्टसारखी सोय इथेही आहे, ९९९० ला प्रायव्हेट कॉल केला की पोपटासारखं परत ऐकवतो. हँडीचा स्लॉट आणि कलर कोड हॉटस्पॉटशी जुळला नाही तर काहीच होणार नाही. नव्वद टक्के अडचणी तिथेच असतात. उरलेल्यांत बोर्डची फ्रिक्वेन्सी शे-पाचशे हर्ट्‌झ सरकलेली असते, ती पाय-स्टारमधून दुरुस्त करता येते.

हँडी विकत घेताना ऑनलाइन दिसेल तो स्वस्त वॉकीटॉकी उचलू नका. विनापरवाना सेट विकण्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारांना चाप लावला आहे. परवान्याची प्रत मागणाऱ्या दुकानदाराकडून, बिल घेऊनच घ्या.

नेट गेलं तर

वळवाचा पाऊस आला की आपल्याकडे आधी वीज जाते, मग राउटर, मग तासा-दोन तासांत मोबाईलचा टॉवर. त्या क्षणी इकोलिंक, हॉटस्पॉट, ऑलस्टार सगळं मेलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारी हादरली, सोलापुरातही मांडणीवरची भांडी वाजली. तशी पहाट पुन्हा आली तर कामाला येईल ती बॅटरी, ४० मीटर पट्ट्याच्या अँटेनाची तार आणि दोन हँडी. ४० मीटर पट्ट्याचा डायपोल (तारेचा अँटेना) म्हणजे दहा-दहा मीटरचे दोन हात, गच्चीवरून समोरच्या कडुनिंबाला बांधता येतो. लिंकसाठी खर्च करण्याआधी हे करून ठेवा. आपत्तीसाठी म्हणून कुणी इकोलिंक विकायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

महिन्यातून एका रविवारी मी राउटर मुद्दाम बंद ठेवतो. पुतण्याला हँडी देऊन तुळजापूरच्या घाटावर पाठवतो, बरोबर आमचा एक परवानाधारक मित्र असतो. माथ्यावरून पाच वॅटवर गच्चीशी छान बोलणं होतं, मध्ये कुठलीही केबल नाही, कुणाचा सर्व्हर नाही. पुतण्या ऐकतो, वहीत वेळ लिहितो. त्याचा अर्ज गेलाय, नाव तिन्ही कागदांवर सारखं आहे हे मी दोनदा बघितलं. परवाना येईपर्यंत माइक मित्राच्याच हातात.